साखर नव्हती

बाबांच्या बाथरूममध्ये मुंगळे दिसायला लागले ते त्यांच्या खुब्याच्या ऑपरेशननंतर तिसऱ्या आठवड्यात. पहाटे दिवा लावला तर जाळीजवळ, जिथे फरशीला जरासा उतार आहे तिथे, दहा-बारा काळेभोर मुंगळे डोकी आत आणि पाठी बाहेर करून गोल बसले होते. थेंबाभोवती बसतात तसे. थेंब होताच, पण पाण्याचा नव्हता. बाबांचा एक हात वॉकरवर आणि दुसरा भिंतीवरच्या दांडीवर, त्यामुळे नंतर मगभर पाणी ओतायला त्यांच्याकडे हातच उरत नव्हता. आणि रात्री काही झालं तरी मला हाक मारायची नाही, हे त्यांनी कुणाला न सांगता ठरवून टाकलं होतं. मी बाहेरच्या खोलीत जागीच असायचे. वॉकरच्या रबरी बुडांचा फरशीवर होणारा दबका आवाज ऐकत, ते परत पलंगावर टेकेपर्यंत श्वास धरून पडून राहायचे, आणि त्यांना वाटायचं मी झोपले आहे. एकमेकांना न दुखावण्याचा हा आमचा कार्यक्रम बरा चालला होता. मुंगळ्यांनी तो उधळला.

पहिला विचार कुणाच्याही मनात येईल तोच आला. साखर.

आपल्या भाषेत हा विचार टाळताच येत नाही, मधुमेह या शब्दातच तो भरून ठेवलाय. चरकसंहितेत प्रमेहाची पूर्वलक्षणं सांगताना शरीराकडे आणि मूत्राकडे मुंग्या धाव घेतात असं म्हटलंय. म्हणजे रक्त तपासायची सोय नव्हती तेव्हा निदानाचं अर्धं काम मुंग्याच करून देत होत्या. मी त्याच परंपरेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी रक्त तपासणारा मुलगा घरी आला. उपाशीपोटी एकदा, जेवणानंतर दोन तासांनी पुन्हा, तीन महिन्यांचा अंदाज देणारी ती एचबीएवनसी वेगळी, शिवाय लघवी. बाबांच्या दंडावर ऑपरेशनच्या वेळचे सुयांचे डाग अजून पिवळे-जांभळे होते, त्यात आणखी दोन. "मुंग्या बघून रक्त काढतात का कुणी?" असं ते त्या मुलाला म्हणाले, मला नाही. माझ्यावर राग असला की बाबा तिसऱ्या माणसाशी बोलतात. संध्याकाळी रिपोर्ट आला. सगळे आकडे मर्यादेत, लघवीत साखर शून्य. डॉक्टरांना फोनवर वाचून दाखवला तर ते हसले आणि म्हणाले, छान, आता मुंग्यांवर औषध मारा. हायसं वाटायला हवं होतं आणि वाटलंही, पण त्याच्या बुडाशी एक बारीक खडा राहून गेला. मी हिशेब तपासण्याचं काम करते. नोंद आहे आणि तिचं कारण सापडत नाही, हे मला झोपू देत नाही.

साखर नव्हती. मग हे कशासाठी येत होते?

त्यानंतर मी रात्री उघडपणे जागायला लागले. बाथरूमबाहेर स्टूल टाकून बसायचे. दार अर्धवट लोटलेलं, बाबा आत, मी बाहेर, आणि उंबऱ्यावरून मुंगळ्यांची रांग. आधी मोबाइल बघायचे, मग मोबाइलच्या टॉर्चमध्ये मुंगळेच बघायला लागले. मुंगळा पितो तेव्हा अजिबात हलत नाही. मिशा तेवढ्या कोपरात मोडल्यासारख्या पुढे येऊन फरशी चाचपत असतात. पोटावरच्या काळ्या पट्ट्या हळूहळू एकमेकींपासून सुटतात आणि मधून फिकट, ताणलेला पापुद्रा दिसायला लागतो. पोट भरलं की तो जवळजवळ पारदर्शक होतो. मग मुंगळा वळतो आणि जड चालीनं निघतो. वाटेत दुसरा भेटला की दोघं थांबतात, मिशांनी एकमेकांची डोकी चाचपतात आणि तोंडाला तोंड लावतात. त्या दोन जबड्यांमध्ये एक चमकता बिंदू क्षणभर दिसतो आणि दुसऱ्याच्या आत नाहीसा होतो. हे बघताना पोटात ढवळलं, खोटं कशाला बोला. हे माझ्या वडिलांचं मूत आहे आणि हे लोक ते तोंडातून तोंडात देत घरी नेताहेत. पण नजर हलेना. एका रात्री थेंबापासून वीतभर अंतरावर साखरेच्या पाण्याचे चार थेंब सोडून बघितले. काही जण तिकडे गेले. बरेचसे जागचे हलले नाहीत.

रांग दाराच्या चौकटीत शिरत होती. खालच्या बाजूला, जिथे वर्षानुवर्षं पाणी उडून लाकूड फुगलंय तिथे, बोट जाईल एवढी फट होती आणि फटीखाली बारीक भुशाची ढिगुली. मी आधी वाळवी समजून घाबरले. पण वाळवीचा मातकट मुलामा कुठेच नव्हता. चिमटीत घेऊन भुसा कागदावर पसरला तर लाकडाचा चुरा, आणि त्यात मिसळलेले तुटके पाय, एक पंख, डोक्याची रिकामी काळी कवटी. घर झाडून काढलेला कचरा होता तो. इंग्रजीत या जातीच्या मुंग्यांना सुतार मुंग्या म्हणतात, कॅम्पोनोटस हे त्यांच्या प्रजातीचं शास्त्रीय नाव, आणि जगभरात त्यांच्या हजाराहून जास्त जाती आहेत. आपला मुंगळा त्यातलाच. लाकूड त्या खात नाहीत, नुसतं कोरतात, दालनं करतात आणि भुसा बाहेर टाकतात. मुंगी होऊन साखर खावी, हत्ती होऊन लाकडं मोडू नयेत अशी म्हण आहे. आमच्याकडचे हे महाभाग मुंगी राहूनच लाकडं मोडत होते आणि साखरेला ताटकळत ठेवत होते.

शोध घेताना मला ऑस्ट्रेलियातल्या कांगारू बेटावरचा एक अभ्यास सापडला, २०२० साली छापलेला. तिथल्या वाळूत राहणाऱ्या कॅम्पोनोटस टेरेब्रान्स या मुंग्यांसमोर संशोधकांनी लघवी, साखरेचं पाणी आणि वेगवेगळ्या प्रमाणात युरिया घातलेलं पाणी ठेवलं. मुंग्या साखरेपेक्षा लघवीवर तुटून पडल्या. आणि युरिया जितका जास्त तितकी गर्दी जास्त. लघवी वाळूत मुरून वाळून गेल्यावरही त्या रात्री येऊन ती वाळू उपसत राहिल्या. गंमत म्हणजे तिकडे या मुंग्यांना सरसकट 'शुगर अँट' म्हणतात. त्यांनाही आमच्यासारखंच वाटलं असणार, गोड दिसलं की येते ती मुंगी. धडधाकट माणूस दिवसाला २० ते ३० ग्रॅम युरिया लघवीवाटे टाकून देतो. खाल्लेल्या आणि झिजलेल्या प्रथिनांमधला जो नायट्रोजन शरीराला नको असतो, त्याची ही पुडी. आपल्याला तो परत वापरता येत नाही. मुंगीलाही येत नाही.

मुंगीच्या आतल्या कुणाला तरी येतो.

हे आतलं कुणीतरी पहिल्यांदा बघणारा माणूस फ्रीडरिष ब्लॉकमान नावाचा जर्मन प्राणिशास्त्रज्ञ. १८८० च्या दशकात तो मुंग्यांच्या अंड्यांचे काप सूक्ष्मदर्शकाखाली बघत होता आणि त्याला अंड्यातल्या द्रवात बारीक काड्या दिसल्या, गच्च, एकीला एक लागून. जिवाणूसारख्या दिसणाऱ्या वस्तू, असं त्यानं जपून लिहिलं. जिवाणू म्हणजे रोग हेच समीकरण पक्कं होत चाललेला तो काळ. अशा काळात धडधाकट अंड्याच्या पोटात, दरवेळी, न चुकता जिवाणू दिसणं हे त्याला किती अडचणीचं वाटलं असेल याची मी कल्पना करते. पुढे कळत गेलं ते असं: सुतार मुंगीच्या मधल्या आतड्याच्या भिंतीत, पचनाचं काम करणाऱ्या पेशींच्या मध्ये मध्ये, काही पेशी फक्त या काड्यांनी भरलेल्या असतात. कुठल्या पिशवीत, पडद्यात नाही. थेट पेशीतल्या द्रवात. राणीच्या बीजाशयातही त्या असतात आणि तिथून अंड्यात उतरतात. नराकडून काही मिळत नाही, हे निव्वळ आईकडून येणारं घराणं. चार-पाच कोटी वर्षांपूर्वी कधीतरी एका मुंगीत शिरलेल्या जिवाणूचे हे वंशज, आणि तेव्हापासून आईकडून लेकीकडे, लेकीकडून नातीकडे, एकदाही उघड्या हवेत न येता चाललेत.

२००० साली त्यांना ब्लॉकमानचं नाव दिलं. पूर्ण नाव 'कँडिडेटस ब्लॉकमानिया'. हा कँडिडेटस म्हणजे आपला साधा उमेदवारच. जो जिवाणू मुंगीबाहेर, प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवून दाखवता येत नाही, त्याला जिवाणूशास्त्र कायम करत नाही. उमेदवार म्हणून मांडवात बसवून ठेवतं. इतकी कोटी वर्षं एका जागी नोकरी करून हा अजून प्रोबेशनवर. कार्यालयीन भाषेची क्रूरता सगळीकडे सारखीच.

२००३ साली यातल्या एकाचा, ब्लॉकमानिया फ्लोरिडानसचा, पूर्ण जीनोम, म्हणजे त्याच्या डीएनएचा सगळा मजकूर, वाचून झाला, आणि मला सगळ्यात जास्त गुंतवलं ते त्यातल्या आकड्यांनी. ७,०५,५५७ अक्षरं, ५८३ प्रथिनांच्या कृती. आपल्या आतड्यातला नेहमीचा ई. कोलाय याचा लांबचा चुलत भाऊ म्हणता येईल, त्याच्याकडे ४६ लाख अक्षरं आणि चार हजारांवर जनुकं. म्हणजे या घराण्यानं मुंगीत मुक्काम ठोकल्यावर बहुतेक सगळी मालमत्ता निर्लेखित केली. मी सवयीनं ताळेबंद वाचावा तशी ती यादी वाचली. बाहेरच्या जगातले धोके ओळखायची यंत्रणा गेली, नवनवं अन्न फोडायची तजवीज गेली. स्वतःच्या डीएनएची प्रत काढायला कधी सुरुवात करायची हे साधारण प्रत्येक जिवाणूत ठरवणारं एक जनुक असतं, डीएनएए नावाचं. तेही नाही. आपण दोनाचे चार कधी व्हायचं हा निर्णयसुद्धा बहुधा याच्या हातात राहिलेला नाही. आणि इतकं सगळं विकून खाल्ल्यावर काय राखून ठेवलंय? तर मुंगीला स्वतःला करता येत नाहीत अशी, आर्जिनिन वगळता सगळी आवश्यक अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे घटक, तयार करायची जनुकं. घर रिकामं, भांडीकुंडी गेलेली, पण स्वयंपाकघर चालू. आणि त्या स्वयंपाकघराच्या दारात, यादीत ठळक दिसणारं, युरियेज.

युरियेज हे विकर, म्हणजे एन्झाइम, युरियाची पुडी फोडतं; अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड मोकळे होतात. त्या अमोनियातला नायट्रोजन पकडून ब्लॉकमानिया त्याचं ग्लुटामिन करतो आणि तिथून पुढे हवी ती अमिनो आम्लं. हे वाचलं आणि बाबांच्या बाथरूमचा वास नाकात आला. रात्रभर पाणी न पडलेल्या फरशीचा, डोळ्यांत जाणारा, जुन्या सार्वजनिक मुतारीची आठवण करून देणारा तो वास अमोनियाचाच असतो, आणि तो येतो कारण फरशीवरचे जिवाणू याच विकरानं युरिया फोडत असतात. रोज सकाळी गुडघ्यांवर बसून, फिनाइल ओतून, दात-ओठ खात मी जी क्रिया घासून काढत होते, तीच क्रिया त्या मुंगळ्यांच्या आतड्यात बंद दारामागे चालू होती. तिथे वाया काही जात नव्हतं, एवढाच फरक. (युरियेजची आणखी एक आठवण सांगायची राहते. स्फटिकरूपात वेगळं काढलेलं जगातलं पहिलं विकर हेच. जेम्स समनर या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञानं १९२६ साली ते एका शेंगेच्या दाण्यांतून मिळवलं. समनर डावखुरा होता आणि डावा हात त्यानं सतराव्या वर्षीच शिकारीतल्या अपघातात गमावला होता; सगळी नळकांडी, गाळण्या, बाटल्या एका उजव्या हातानं. बाबांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी वॉकरवरच्या आपल्या हाताकडे बघितलं आणि म्हणाले, "त्याला पाय होते ना पण.")

हे सगळं नुसतं जनुकांच्या यादीवरून मांडलेलं तर्कट नाही. जर्मनीत, व्युर्झबुर्ग विद्यापीठात, हायके फेल्डहार आणि सहकाऱ्यांनी २००७ साली ते करून दाखवलं. सुतार मुंग्यांना त्यांनी असा युरिया खायला दिला ज्यातला नायट्रोजन नेहमीपेक्षा थोडा जड, म्हणजे खूण केलेला होता. काही दिवसांनी तो खुणेचा नायट्रोजन मुंग्यांच्या अमिनो आम्लांमध्ये सापडला, आणि पुढे अळ्यांमध्येही. मोठी मुंगी वाढत नाही, तिला चालायला-फिरायला गोड पुरतं. प्रथिनं हवीत ती अळ्यांना, आणि अळ्या जागच्या हलत नाहीत. तोंडातून तोंडात जाणारा तो चमकता बिंदू आठवला. तो शेवटी पोहोचत होता पाळण्यापर्यंत. मग त्यांनी मुंग्यांच्या आहारातून आवश्यक अमिनो आम्लं काढून टाकली. ज्यांच्या आत जिवाणू होते त्यांनी तरीही पिल्लं वाढवली. ज्यांचे जिवाणू औषध देऊन मारले होते त्यांच्याकडे कोश कमी झाले. औषधाचं नाव रिफॅम्पिसिन.

तिथे मी वाचायची थांबले.

मी दहा वर्षांची असताना आईला टीबी झाला होता. रोज उपाशीपोटी घ्यायच्या गोळ्यांमध्ये एक कॅप्सूल होती, विटकरी-लाल, बोटाला रंग लागायचा. तिनं पहिल्या दिवशी ती घेतली आणि दुपारी संडासातून ओरडत बाहेर आली, कारण लघवी केशरी झाली होती. तिला वाटलं रक्त. डॉक्टरांनी ते सांगून ठेवलं होतं, पण ते बाबांना, आणि बाबा सांगायचं विसरले होते. त्यानंतर सहा महिने आई संडासातून आली की आत तीन-तीनदा पाणी ओतल्याचा आवाज यायचा. कुणाला दिसू नये. एकदा ती रडत होती आणि तिच्या पदरावर फिकट नारिंगी ठिपके पडले. त्या औषधानं अश्रूसुद्धा रंगतात हे मला तेव्हा माहीत नव्हतं, आणि कितीतरी वर्षं ते ठिपके मी दुःखाचाच रंग समजत होते. ती बरी झाली. त्या औषधानं बरी झाली, पुढे पंचवीस वर्षं जगली आणि गेली ती वेगळ्याच कशानं. रिफॅम्पिसिन करतं काय, तर जिवाणू आपल्या जनुकांची नक्कल उतरवतो ते यंत्रच धरून ठेवतं. कुठला जिवाणू हे ते विचारत नाही. आईच्या फुप्फुसातला होता तो शत्रू, मुंगीच्या आतड्यातला आहे तो घरचा, औषधाच्या लेखी दोघांच्या पाठीवर एकच शिक्का. ज्या गोळीनं माझी आई मला परत दिली तिच्यावर राग धरणं शक्य नव्हतं. तरी प्रयोगशाळेतल्या त्या मुंग्यांचं वाईट वाटलं, आणि हे वाटणं जरा वेडगळ आहे हे कळूनही ते गेलं नाही.

लहानपणी पावसाच्या आधी मुंग्या 'अंडी' घेऊन निघाल्या की आम्ही पोरं काडी घेऊन बसायचो. ते पांढरे लांबट दाणे अंडी नसतात, ते कोश असतात, हे मला परवा-परवा कळलं. अंडी याहून कितीतरी बारीक. मुंगळ्यांच्या अळ्या स्वतःभोवती रेशमी कोश विणतात आणि आत आपलं शरीर मोडून नव्यानं बांधतात. या मोडतोडीत आतडंही मोडतं. मग त्या आतड्यात राहणाऱ्या भाडेकरूंचं काय होत असेल, असं मनात आलं, तर उत्तर उलटंच निघालं. कोशातला मुंगळा खात नाही, पीत नाही, बाहेरून एक कण येत नाही, आणि नेमका त्याच काळात जिवाणूंनी भरलेल्या पेशींचा विस्तार होतो. मधलं आतडं जवळजवळ सगळं त्यांचंच होऊन जातं. पचवायला काही नसतं तेव्हा आतडं हे जिवाणूंचं घर एवढंच उरतं. मुंगळा बाहेर आला, काळा पडला, कामाला लागला की पचनाच्या पेशी पुन्हा आपली जागा घेतात, आणि वय वाढेल तसे जिवाणू कमी कमी होत जातात. म्हातारा कामकरी मुंगळा जवळजवळ एकटाच असतो म्हणायचा.

इथे उपमा द्यायचा मोह अनावर झाला होता. बाबांची औषधाची पेटी, त्यांच्या हातून सुटत गेलेल्या कामांची यादी: आधी स्कूटर, मग बँक, मग जिना, आता पाण्याचा मग. यादीत काय उरलं आणि कशासाठी उरलं. रात्री अडीच वाजता स्टूलवर बसलेल्या माणसाला हे फार सुंदर वाटतं. सकाळी वाटलं नाही. जिवाणूला आपण काही गमावलंय हे ठाऊक नसतं. बाबांना प्रत्येक गोष्टीची तारीख पाठ आहे.

शिवाय कोण कुणावर अवलंबून आहे हे या प्रकरणात वाटतं तितकं सरळ नाही. सुतार मुंग्या झाडांवर मावा हा रस शोषणारा बारीक किडा राखतात, त्याच्या पाठीवर मिशा फिरवून गोड थेंब काढून घेतात. त्या माव्याच्या पोटातही असाच एक जिवाणू, बुकनेरा. झाडाच्या रसातून जे मिळत नाही ते तो माव्याला करून देतो. मावा आपली गरज भागवून उरलेलं साखरपाणी सोडतो, मुंगी ते पिते आणि त्यात जे नाही ते तिचा ब्लॉकमानिया भरून काढतो. एका थेंबावर दोन स्वयंपाकघरं. २००९ साली जेनिफर वेर्नेग्रीन आणि सहकाऱ्यांनी जिवाणूंची वंशावळ ताडून असा अंदाज मांडला की ब्लॉकमानियाचे पूर्वज मुळात अशाच रस पिणाऱ्या किड्यांमध्ये राहत असावेत, आणि त्यांना पाळता पाळता ते मुंगीत आले असावेत. म्हणजे मुंगीनं गाय पाळली आणि गायीच्या पोटातला कुणीतरी मुंगीच्या पोटात राहायला आला.

आणि आला तो नुसता आतड्यापुरता थांबला नाही. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या एहाब अबूहैफ यांच्या गटानं, अब मतीन रफीकी यांच्या पुढाकारानं, २०२० साली या मुंग्यांच्या भ्रूणांवरचं काम प्रसिद्ध केलं. पुढची पिढी जन्माला घालणाऱ्या पेशी कुठे होतील याची खूण इतर मुंग्यांच्या अंड्यात एका टोकाला असते. सुतार मुंगीच्या अंड्यात तशाच खुणा चार ठिकाणी सापडल्या. शरीराचा कुठला भाग कुठे यावा हे सांगणारी हॉक्स जनुकं एरवी भ्रूण बराच वाढल्यावर तोंड उघडतात. इथे त्यांतली दोन अगदी सुरुवातीलाच बोलायला लागतात. जिवाणू काढून टाकले की ही सगळी मांडणी विस्कटते. भाडेकरूला बाहेर काढलं तर घराचा नकाशाच बिघडावा, असं. मुंगीला पंख फुटले की तिचं मरण जवळ आलं म्हणतात आणि नरांच्या बाबतीत ते अक्षरशः खरं आहे. पण पंख फुटलेली राणी उडते, मीलन होतं, खाली उतरून ती स्वतःच पंख गाळते, एखाद्या ओल्या लाकडाच्या फटीत स्वतःला कोंडून घेते आणि काही न खाता, पंखांचे स्नायू जाळत पहिली पिल्लं वाढवते. बाहेरून बघणाऱ्याला ती अंधारात एकटी दिसते. पोटात, बीजाशयात, प्रत्येक अंड्यात ही काड्यांची गर्दी.

यातलं थोडंफार मी बाबांना सांगत गेले. रात्री, दाराच्या अलीकडून. समोरासमोर बसून आम्हाला बोलता येत नाही. मधे अर्धवट दार आणि त्यांचं तोंड भिंतीकडे असलं की येतं. ते हं-हं करायचे. एकदा म्हणाले, "म्हणजे माझ्यात दोष नव्हता." मी म्हटलं, "नाही बाबा, तुमचा रिपोर्ट चांगलाच होता." मग बराच वेळ काही नाही. मग, "तुझ्या आईला मी ते रंगाचं सांगायला विसरलो होतो." त्यावर मला काय बोलावं सुचलं नाही. मी टॉर्च रांगेवर धरून बसले.

सहाव्या आठवड्यात वॉकर गेला आणि काठी आली. एक हात मोकळा झाला. त्या रात्री आतून मगानं पाणी ओतल्याचा आवाज आला, एकदा, दोनदा, आणि मग उगाचच तिसऱ्यांदा, मला ऐकू यावं म्हणून. सकाळी फरशी कोरडी आणि स्वच्छ, वास नाही, गुडघे टेकायची गरज नाही. मुंगळेही नाहीत. दोन-तीन रात्री ते येऊन जाळीभोवती फिरून गेले असावेत, चौकटीपाशी एखाद-दुसरा दिसायचा. चौकट बदलायला सुतार बोलवायचाय, भुसा अजून पडतोच. मी अजून बोलावलेलं नाही, वेळ झाला नाही असं सगळ्यांना सांगते. स्टूल मात्र मी उचलून ठेवलं आणि पूर्वीसारखी पलंगावर पडून ऐकायला लागले. काठीचा आवाज वॉकरपेक्षा हलका, एकच ठोका.

परवा रात्री ठोके गेले, दाराची कडी वाजली, बाकी सगळं झालं, पण पाण्याचा आवाज आला नाही. मी वाट बघितली. पडले-बिडले तर नाहीत म्हणून उठून दारापाशी गेले. आत दिवा चालू होता.

"बाबा?"

"झालंय."

"पाणी ओतलं नाहीत."

आतून थोडा वेळ काहीच नाही. काठी जरा सरकल्याचा आवाज.

"थांब गं," ते म्हणाले. "चारच आलेत आज."